दुबईची नोकरी, म्हापशाचा एजंट आणि कागदावरचा नंबर

या वेळचं पत्र डिचोली तालुक्यातून आलंय. थोडं आटोपशीर करून देते:

‘माझं वय 27. दहावीनंतर आयटीआयमधून फूड प्रॉडक्शनचा कोर्स केला. कांदोळीच्या एका हॉटेलात कॉमी, म्हणजे ज्युनियर आचारी म्हणून काही सीझन काढले. पावसाळा लागला की पगार निम्म्यावर येतो. म्हापशातला एक एजंट दुबईच्या हॉटेलात जागा आहे म्हणतो, पगार 3,500 दिरहॅम. एकूण 1 लाख 40 हजार मागतो. नोंदणीचे म्हणून 10 हजार दिलेत, बाकीचे चवथीआधी हवेत. व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथे कंपनी एम्प्लॉयमेंट व्हिसा करून घेईल, असं त्याचं म्हणणं. माझे मामा खूप वर्षं कुवेतला होते, ते म्हणतात की हे असंच असतं. पणजीत एका सरकारी ऑफिसात विचारलं तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणाले. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. तिने देवीला प्रसादही लावला, उजवा आला, म्हणजे होकार. सरकारी माहिती नेमकी मिळते कुठे? आणि जास्त चौकशी केली तर एजंट जागा दुसऱ्याला देईल का? ऑफर लेटरची प्रत सोबत जोडली आहे.’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, देईल. निदान तसं म्हणेल तरी. तर म्हणू दे. दोन साधे प्रश्न विचारले म्हणून जी जागा जाते, ती मुळात होती की नाही याचीच शंका घ्या. खऱ्या हॉटेलला आचारी हवा असतो. तुमचे पैसे चवथीआधी आले की चवथीनंतर, याच्याशी त्या हॉटेलला काय देणंघेणं? ही घाई एजंटाची आहे.

आता ऑफिसचं. तुम्ही एकाच खिडकीवर सगळं मिळेल या आशेने गेलात आणि हात हलवत परत आलात. अशी एकच खिडकी कुठेच नाही, पणजीत नाही आणि दिल्लीतही नाही. पासपोर्ट एक कार्यालय देतं, एजंटाला परवाना दुसरं देतं, नोकरीच्या कराराला मान्यता दुबईकडचं सरकार देतं आणि अडचण आली तर तिथली आपली वकिलात बघते. त्यामुळे ‘साहेब, मी जाऊ का?’ या प्रश्नाला कुठलाही कारकून उत्तर देणार नाही. त्याच कारकुनाला ‘हा नंबर तुमच्याकडचा आहे का?’ असं विचारा, लगेच हो किंवा नाही म्हणेल. एजंटाच्या परवान्याला नंबर असतो, ऑफर लेटरला नंबर असतो, व्हिसालाही असतो. तो नंबर ज्याने दिला, त्याच्याकडेच पडताळायचा. ज्या कागदाला नंबर नाही, त्याच्यावर पैसे द्यायचे नाहीत.

मामांचा राग करू नका. ते खोटं बोलत नाहीत, पण ते सांगतात ते कुवेतचं आणि त्यांच्या काळातलं. आपल्याकडे बाहेर जाण्याचं निम्मं ज्ञान चवथीला मिळतं. सगळी परतलेली मंडळी घरी जमलेली असतात, माटोळी बांधता बांधता आपापली कथा सांगतात. ऐकायला बरं वाटतं आणि त्यातलं बरंचसं खरंही असतं. पण यूएईचा कामगार कायदाच बदललाय. नवा कायदा 2021 चा, 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू. मामांना तिथल्या खोलीचं भाडं, उन्हाळा, घरी पैसे पाठवायच्या तऱ्हा हे जरूर विचारा. व्हिसाचा नियम विचारू नका.

पहिला नंबर एजंटाचा. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची तर 1983 च्या एमिग्रेशन ॲक्टखाली केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयातले प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स करतात. मंत्रालयाचं ई-मायग्रेट नावाचं पोर्टल आहे. ते 2014 मध्ये सुरू झालं, 2024 मध्ये नव्या रूपात आलं, आता मोबाइल ॲपही आहे. पत्ता emigrate नंतर डॉट गव्ह डॉट इन असा संपतो. शेवटी काही वेगळं दिसलं तर बाहेर पडा, कारण मिळत्याजुळत्या नावांच्या साइट फिरत असतात. तिथे नोंदणीकृत एजंटांची यादी आहे आणि परवाना चालू आहे, निलंबित आहे की रद्द झालाय तेही कळतं. हा परवान्याचा नंबर एजंटाने ऑफिसात दिसेल असा लावायचा असतो, जाहिरातीतही छापायचा असतो, मग ती पेपरातली असो की फेसबुकवरची. तुमच्या एजंटाच्या ऑफिसात भिंतीवर बुर्ज खलिफाचा फोटो असेलच. त्याच्या बाजूला नंबर आहे का तो बघा.

तो बहुधा म्हणेल, ‘मी मुंबईच्या लायसन्सवाल्या एजन्सीचा माणूस.’ हे गोव्यात नेहमीचं आहे आणि बरीच माणसं इथेच फसतात. मुंबईची एजन्सी खरी असते, तिचा परवानाही खरा असतो. पण परवाना त्या एजन्सीला आणि तिच्या मंजूर शाखांना असतो. म्हापशातला कोणीही उठून तो वापरू शकत नाही आणि सब-एजंट हा प्रकार कायद्याला मान्यच नाही. म्हणून त्या एजन्सीचा फोन ई-मायग्रेटवरून घ्या. एजंटाने दिलेल्या नंबरावर करू नका, तिथे त्याचाच मित्र ‘हॅलो, मुंबई ऑफिस’ म्हणेल. त्यांना दोन गोष्टी विचारा: म्हापशाचं ऑफिस तुमचं आहे का, आणि या हॉटेलचं डिमांड लेटर तुमच्याकडे आलंय का. डिमांड लेटर म्हणजे कंपनीने ‘अमुक इतकी माणसं, अमुक पगारावर’ अशी केलेली लेखी मागणी. धंद्यातला प्रत्येक माणूस हा शब्द ओळखतो. तुम्ही तो उच्चारलात की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

पैशांचं म्हणाल तर नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे 35,400. तेही पावती देऊन. तुमचे 1 लाख 40 हजार कुठून आले ते त्याला फोड करून लिहून द्यायला सांगा. ‘व्हिसाचा खर्च’ असं त्यात आलं तर तो मुद्दा यूएईच्या कायद्यात स्पष्ट आहे: भरतीचा आणि नोकरीवर घेण्याचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने वसूल करायचा नाही. म्हणजे एका बाजूने आपलं सरकार 35,400 च्या वर जाऊ देत नाही, दुसऱ्या बाजूने त्यांचं सरकार व्हिसाचे पैसे तुमच्याकडून घेऊ देत नाही. मग उरलेले लाखभर रुपये नेमके कशाचे? आईच्या पाटल्या कपाटातच राहू द्या.

इथे एक गैरसमज दूर करते. तुम्ही दहावी पास, म्हणजे पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी) असा शिक्का नसणार. ज्यांच्या पासपोर्टवर ते असतं, त्यांना यूएई, कुवेत, ओमान, सौदी वगैरे 18 देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. त्यांना प्रवासी भारतीय विमाही सक्तीचा आहे: दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख. तुम्हाला ही मंजुरी लागत नाही. पण एजंट मंडळी याचा अर्थ ‘ईसीएनआरवाल्याला (म्हणजे ज्याच्या पासपोर्टवर ईसीआर नाही त्याला) काहीच लागत नाही’ असा करून टाकतात. मंजुरी नको, इतकंच खरं. एजंटाची नोंदणी हवीच, शुल्काची मर्यादाही आहेच. शिवाय ई-मायग्रेटवर ईसीएनआरवाल्यांनाही आपणहून नोंदणी करता येते. ती कराच. दुबईत कुठे आहात, कोणाकडे आहात, हे आपल्या सरकारच्या दप्तरी आधीच लागलेलं बरं.

आता तुमचं ऑफर लेटर. ते मी नीट वाचलं. वर हॉटेलचा लोगो आहे, खाली ‘जनरल मॅनेजर’ म्हणून सही आहे पण नाव नाही. पगाराची एकच ओळ: 3,500 दिरहॅम, सगळं धरून. जेवण आणि राहणं ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’. मुदत दोन वर्षं. पडताळता येईल असा एकही नंबर नाही. असा कागद कोणीही संगणकावर दुपारच्या जेवणाआधी बनवू शकतो.

यूएईत खासगी नोकरीची ऑफर त्यांच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यात येते. त्या मंत्रालयाला तिकडचे लोक ‘मोहरे’ म्हणतात. वर्क परमिट निघण्याआधी त्या ऑफरवर तुमची सही लागते. ती अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला कळेल अशा भाषेत द्यायची असते आणि त्या भाषांत हिंदीही आहे. तिच्यावर व्यवहार क्रमांक आणि कंपनीचा क्रमांक असतो. ते दोन्ही मंत्रालयाच्या वेबसाइटवर घातले की ऑफर खरी की खोटी ते घरबसल्या कळतं. त्या साइटचा पत्ता डॉट गव्ह डॉट एई असा संपतो. पुढे जो करार होतो, तो या ऑफरपेक्षा कमी पगाराचा करता येत नाही, म्हणूनच हा कागद इतका महत्त्वाचा. कंपनी एखाद्या फ्री झोनमधली असेल तर चौकशी त्या झोनच्या प्राधिकरणाकडे करावी लागते, पण हॉटेलांचं तसं क्वचितच असतं. एक लक्षात ठेवा, हॉटेलच्या पाटीवरचं नाव आणि करारातल्या कंपनीचं नाव वेगळं असू शकतं. मोठी हॉटेलं चालवतो एक आणि मालक असतो दुसरा. नाव जुळलं नाही म्हणून घाबरू नका, पण ती कंपनी कोण, हे हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या एचआरला ईमेल करून विचारा.

‘सगळं धरून 3,500’ यावर थोडं थांबते, कारण दुबईहून परतलेल्या मुलांची हळहळ बहुतेक इथेच अडलेली असते. पगारात बेसिक किती आणि भत्ते किती, हे वेगळं लिहिलेलं हवं. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात. किमान एक वर्ष भरलं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक. समजा तुमचं बेसिक 1,200 लिहिलं आणि 2,300 भत्ते, तर वर्षाला 840 दिरहॅम. तेच बेसिक 2,800 असेल तर 1,960. महिन्याला हातात येणारे तेच 3,500, पण पाच वर्षांनी फरक साडेपाच हजार दिरहॅमच्या वर जातो. जेवण आणि राहण्याचंही तसंच. ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ म्हणजे काहीच नाही. खोली कंपनीची की भत्ता? ड्युटीच्या जागेपासून लांब असेल तर ने-आण कोण करणार? स्वयंपाकघरातल्या माणसाची पाळी मध्यरात्री सुटते, हे तुम्हाला कांदोळीला असताना वेगळं सांगायला नको. कायद्याने दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, आणि वर्षाची सुट्टी 30 दिवस. परिवीक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. या चार गोष्टी ऑफरशी ताडून बघा.

आणि व्हिजिट व्हिसा. इथे मी मुळीच गुळमुळीत बोलणार नाही: त्या व्हिसावर कामाला उभं राहायचं नाही. फिरायला गेलात, मुलाखत दिलीत, नोकरी ठरली आणि मग कंपनीने रीतसर परमिट काढलं, असं होतं आणि ते चालतं. पण ‘आधी कामाला लाग, व्हिसा मागाहून’ हा बेकायदा प्रकार आहे. बिनपरमिट माणूस ठेवणाऱ्या मालकाला 2024 पासून 1 लाख ते 10 लाख दिरहॅम दंड आहे. ही भीती असूनही जो मालक तुम्हाला तसं ठेवतो, तो पगार वेळेवर देईल असं कशावरून? आणि नाही दिला तर तक्रार कुठे कराल? करारच नाही, तर मंत्रालयाच्या लेखी तुम्ही कामगारच नाही. मुदत संपल्यावर राहिलात तर दिवसाला 50 दिरहॅम दंड तुमच्या नावावर चढतो, तो वेगळाच. खऱ्या नोकरीचं एंट्री परमिट इथे गोव्यात असतानाच तुमच्या हातात येतं. त्याचाही नंबर असतो आणि तो यूएईच्या इमिग्रेशनच्या वेबसाइटवर तपासता येतो. त्यावर हेतू नोकरी असाच लिहिलेला हवा. ते हातात आल्याशिवाय मोपा किंवा दाबोळीचं तिकीट काढू नका.

‘हॉटेल नको, ऑफिसात डेटा एंट्रीचं काम आहे, आधी थायलंडला या’ असा मेसेज तुम्हाला किंवा तुमच्या मित्रांना आला तर तो तिथेच पुसून टाका. म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर आपली मुलं याच वाटेने नेली गेली आणि परराष्ट्र मंत्रालयाने 2022 पासून त्याबद्दल जाहीर इशारे दिलेत.

क्रूझवर जाणाऱ्यांसाठी एक टीप, कारण ‘मी पण विचारणार होतो’ म्हणणारे दहा जण असतील. आपले तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे, या रांगेत येत नाहीत. जहाजावरच्या भरतीचा परवाना डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंग देतं, त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याची यादी त्यांच्याच वेबसाइटवर बघायची, ई-मायग्रेटवर शोधून उपयोग नाही. आणि तिथे नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचेच नसतात, 30 हजारसुद्धा नाहीत.

कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नका. पोलीस क्लिअरन्स मागितला तर तो पासपोर्ट सेवेच्या साइटवरूनच काढा, फी 500 रुपये. आयटीआयचं प्रमाणपत्र अटेस्ट करून मागितलं तर आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात असा क्रम असतो. पण हॉटेलने मागितल्याशिवाय यात पैसे घालू नका. कॉमीच्या जागेला ते लागेलच असं नाही, आणि एजंट मात्र पहिला खर्च यावरच करायला लावतात.

माणसाशीच बोलायचं असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा नंबर 1800 11 3090, भारतातून मोफत. हिंदीत बोलता येतं. दुबईत पोचल्यावर तसाच 800 46342. हे दोन्ही आईच्या फोनमध्येही घालून ठेवा. पासपोर्ट, ऑफर आणि एंट्री परमिट यांच्या प्रती घरी ठेवा. पासपोर्ट मालकाने ‘सांभाळायला’ मागितला तर द्यायचा नाही, तो काढून घेणं तिथल्या कायद्यात बसत नाही. पगार अडला तर आधी मोहरेकडे तक्रार करा. त्यानेही भागलं नाही तर घरचे इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार घालू शकतात आणि गोवा सरकारच्या अनिवासी भारतीय व्यवहार खात्याचा पाठपुरावाही मागू शकतात.

आईने प्रसाद लावला ते चांगलंच केलं. तिला सांगा, देवीने जाण्याला उजवा दिलाय, या एजंटाला नव्हे.

राहिले ते 10 हजार. एजंटाला आजच व्हॉट्सॲपवर लिहा, फोनवर बोलू नका: ‘तुमचा आरसी नंबर (म्हणजे नोंदणीच्या परवान्याचा नंबर), मंत्रालयाच्या ऑफरचा व्यवहार क्रमांक, 1 लाख 40 हजारांची फोड आणि दिलेल्या 10 हजारांची पावती पाठवा. ती पडताळल्यावर पुढचं बोलू.’ एवढंच. भांडू नका, धमकी देऊ नका. सगळं पाठवलं आणि तपासात ठीक निघालं, तर 35,400 मधून हे 10 हजार वजा करून घ्या आणि खुशाल जा. टाळाटाळ झाली तर हा मेसेज, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, ते ऑफर लेटर आणि त्याच्या ऑफिसच्या पाटीचा फोटो घेऊन म्हापसा पोलीस स्टेशनात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीच तक्रार ई-मायग्रेटवरही टाका. परवाना नसताना भरती करणं हा एमिग्रेशन ॲक्टखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांनी ‘हा तुमचा आपसातला पैशांचा व्यवहार’ असं म्हटलं तर तक्रारीत 1983 च्या त्या कायद्याचं नाव ठळक लिहिलंय ना, ते दाखवा.